फुटाफुटाला काय करायचं, ते आत्ताच ठरवूया: कोल्हापुरातल्या तालमी आणि तरुण मंडळांना खुले पत्र

कोल्हापुरातल्या सर्व तालमी आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी शुक्रवार पेठेत राहते. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळं हे पत्र वाचणाऱ्यांपैकी काहीजण मला अजून ‘बाई’ म्हणूनच हाक मारतात. मे संपत आलाय, दोन वळीव पडून गेलेत, घाटाच्या खालच्या पायऱ्या अजून उघड्या आहेत. पंचगंगेकडं बघून कुणाला महापुराची आठवण यावी असं आज काही नाही. म्हणूनच आज लिहिते. जुलैत लिहून उपयोग नाही. जुलैत तुम्ही पाण्यात असता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या आजींना तुमच्यातल्याच चौघांनी बाहेर काढलं. आजींना अर्धांगवायू झालेला, तीन वर्षं अंथरुणावर. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा घरचे म्हणाले, ८९ ला इथंवर आलं नव्हतं, २००५ ला उंबऱ्याला लागून परत गेलं, आताही जाईल. आम्ही सगळेच तसं म्हणालो, मीसुद्धा. रात्री अडीचला वीज गेली. पहाटे पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं. पोरांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, छातीला आणि पायांना साडीनं बांधलं, आणि खुर्ची डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यातनं मुख्य रस्त्यापर्यंत नेली. एकानं बॅटरी दातात धरली होती, कारण दोन्ही हात खुर्चीला लागलेले. मी वरच्या खिडकीतनं बघत होते. खुर्चीचा एक पाय मधेच कशात तरी अडकला आणि आजी एका अंगाला कलल्या, तेव्हाचा त्यांच्या सुनेचा आवाज मला अजून ऐकू येतो. आजी वाचल्या. इन्सुलिन मात्र फ्रीजमध्येच राहिलं आणि ते मिळेपर्यंत पुढचे दोन दिवस घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या पोरांना मी हात जोडले, आजही जोडते. पण एक गोष्ट मला तेव्हापासून टोचते. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्याच दारात रिक्षा येत होती. गादीसकट, औषधांच्या डब्यासकट आजींना दहा मिनिटांत नातेवाइकांकडं पोचवता आलं असतं. चार तरण्या पोरांचा जीव टांगणीला लागला नसता. पाणी वाढतंय हे सगळ्यांना माहीत होतं. किती फूट झालं हेही माहीत होतं. किती फूट झालं की आजींना हलवायचं, एवढं फक्त कुणी ठरवलेलं नव्हतं.

हे मला नीट उमगलं ते कोल्हापुरात नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी २०२२ च्या डिसेंबरात मी अमेरिकेतल्या मिनियापोलिसला गेले आणि त्या हिवाळ्यात तिथं मनस्वी बर्फ पडला. पहिल्याच मोठ्या बर्फाच्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एक निरोप आला: स्नो इमर्जन्सी जाहीर. माझ्या पोटात गोळा आला. जावई मात्र शांतपणे उठले, अंगावर दोन-दोन कोट चढवले आणि गाडी हलवायला गेले. त्या निरोपानंतर काय करायचं हे त्या शहरात अगोदरच ठरलेलं आहे. पहिल्या रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत नेमून दिलेल्या मुख्य रस्त्यांवर कुठल्याच बाजूला गाडी लावायची नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या रस्त्यांची सम क्रमांकाच्या घरांची बाजू मोकळी ठेवायची, तिसऱ्या दिवशी विषम. त्या क्रमानं बर्फ लोटणाऱ्या गाड्या फिरतात. जी गाडी आडवी येईल ती उचलून नेतात, आणि ती कुणाची आहे हे विचारत नाहीत. मुख्य रस्त्यांवर तशा निळ्या पाट्या आहेत. मी मार्चअखेरीस निघाले तेव्हा ऊन पडायला लागलं होतं, पाट्या तिथंच होत्या. त्या बारमाही असतात.

दुसरी गोष्ट माणसांची. आपल्या घरासमोरचा फूटपाथ बर्फ थांबल्यापासून २४ तासांच्या आत ज्यानं त्यानं साफ करायचा, हा तिथला नियम आहे. लेकीच्या शेजारी एक ऐंशीच्या पुढच्या बाई एकट्या राहत होत्या. त्यांच्या दारात एक शाळकरी पोरगा फावडं घेऊन यायचा. दर बर्फाला तोच पोरगा, कुणी बोलवायला जात नव्हतं. आधी दरवाज्यापासून रस्त्यापर्यंत एका माणसाला चालता येईल एवढी वाट काढायचा, मग त्या वाटेवर बादलीतली मीठ-वाळू मुठीनं पेरायचा, आपण शेतात खत विस्कटतो तसं. मी लेकीला विचारलं, वाळू कशाला? ती म्हणाली, मीठ बर्फ वितळवतं, पण पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की मिठाचं फारसं चालत नाही, मग पाय घसरू नये म्हणून वाळू. आणि मोठ्या रस्त्यांवर तर बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी मारून ठेवतात, म्हणजे तो डांबराला चिकटत नाही. एकदा चिकटला, वरनं गाड्या फिरून दाबला गेला, की खरवडता खरवडता नाकीनऊ येतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तिथं बर्फ दरवर्षी ठरलेला. त्यांना सवय आहे, यंत्रं आहेत, पैसा आहे. आपल्याकडं महापूर कधीतरी येतो.

अगदी हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि म्हणून मी त्या चार महिन्यांत लेकीला आणि जावयांना भंडावून सोडलं: ज्या गावांत बर्फ क्वचित पडतो तिथं काय होतं? जे कळलं ते मिनियापोलिसपेक्षा आपल्या जास्त कामाचं आहे.

अमेरिकेच्याच दक्षिणेला अटलांटा शहर आहे. तिथं बर्फ कधीमधी. २८ जानेवारी २०१४ ला, मंगळवारी, तिथं जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला. दोन-अडीच इंच, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा. दुपारी बर्फ भुरभुरायला लागल्यावर शाळा, कचेऱ्या, दुकानं सगळी एकाच सुमाराला सुटली. लाखो माणसं एकदम रस्त्यावर आली, चाकं घसरायला लागली, आणि मिठाच्या गाड्याही त्याच गर्दीत अडकून पडल्या. मग मीठ टाकणार कोण? हजारो लोकांनी रात्र गाडीत काढली. पोरं शाळेत झोपली, काही तर शाळेच्या बसमध्येच. एका बाईचं बाळंतपण हमरस्त्यावर गाडीतच झालं. शहर अडलं ते सगळ्यांनी एकाच वेळी एकच रस्ता धरल्यामुळं. दोन इंचांची एवढी ताकद नव्हती.

आणि सवय असलेल्यांचं तरी काय? न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो शहर हे बर्फाचं माहेरघर. तिथं यंत्रांची वानवा नाही. तरी २०२२ च्या नाताळात, मी तिथून बऱ्याच लांब पण त्याच देशात होते तेव्हा, त्या शहरात आणि आसपास चाळीसहून जास्त माणसं दगावली. काही गाडीत अडकून, काही घरातच, कारण रुग्णवाहिका पोचू शकली नाही. रस्त्यावर गाडी आणायची नाही असा हुकूम त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला निघाला. तोवर कितीतरी जण कामावर जायला घराबाहेर पडले होते. घरात तान्हं बाळ होतं आणि टीव्हीवर दिवसभर ते चाललेलं. मला राहून राहून आमच्या आजींची रिक्षा आठवत होती.

म्हणजे यंत्र असून भागत नाही. आणि जिथं आपत्ती क्वचित येते तिथं कुणीही दहा वर्षांतनं एकदा लागणारी यंत्रं घेऊन ठेवणार नाही. ते परवडत नाही, त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. अशा गावाच्या हातात दोनच गोष्टी राहतात: अगोदर ठरवून ठेवणं, आणि जे रोज वापरतो तेच त्या दिवशी कामाला लावणं. न्यूयॉर्कसारखं शहरसुद्धा बर्फासाठी सगळाच ताफा वेगळा बाळगून बसत नाही. रोजचा कचरा गोळा करणाऱ्या ट्रकांनाच पुढं फाळ जोडतात आणि तेच रस्ते साफ करतात.

हे वाचताना मला तुमच्या मंडळांच्या खोल्या दिसतात. गणपतीचा ट्रॅक्टर-ट्रॉली, जनरेटर, माईक, मांडवाचे बांबू, जाडजूड दोर, ताडपत्र्या, हॅलोजन. महापुराला लागणारं निम्मं सामान कोल्हापूरच्या तालमींत आजच आहे. महापूर येतो जुलै-ऑगस्टला, गणपतीच्या तोंडावर, म्हणजे हे सामान तेव्हा बाहेरही निघालेलं असतं. २०२१ ला मात्र आमच्याकडचा जनरेटर तळघरात होता आणि पाण्यात गेला. तो कुठल्या दिवशी वर आणायचा हेही ठरलेलं नव्हतं.

तेव्हा माझं मागणं असं आहे.

प्रत्येक तालमीनं आपल्या गल्लीची स्वतःची फुटपट्टी करावी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे अख्ख्या शहराचे आकडे झाले. सुतारवाड्याला पाणी आधी लागतं. व्हीनस कॉर्नरला जयंती नाल्याचं पाणी मागं फुगून येतं. आमच्या गल्लीत ते आणखी वेगळ्या आकड्याला शिरतं. बंधाऱ्यावर किती झालं की तुमच्या कोपऱ्यावर पाणी येतं, तुमच्या गल्लीतनं रिक्षा बंद कधी होते, हे जुन्या माणसांच्या तोंडी आहे, २०१९ आणि २०२१ च्या फोटोंत आहे, भिंतींवरच्या डागांत आहे. ते विचारून घ्या. विजेच्या खांबावर ऑइलपेंटनं खुणा करा आणि खुणेशेजारी बंधाऱ्याचा आकडा लिहा. मिनियापोलिसच्या निळ्या पाट्यांसारखं ते उन्हाळ्यातही दिसू दे. नवीन भाडेकरू येतात, त्यांना ८९ माहीत नाही, २०१९ सुद्धा माहीत नाही.

मग त्या आकड्यांपुढं कामं लिहा. आमच्या गल्लीपुरतं मी लिहून बघितलंय. ३९ ला पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, कारण उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की चौफेर पाणी आणि नळाला थेंब नाही हे आपण दोन्ही वेळेला भोगलं. धरणातनं थेट पाईपलाईन आली तरी भरलेली घागर घरात असू दे. त्याच दिवशी जनरेटर वर. ४० ला म्हशी. म्हशी माणसांच्या आधी हलवायच्या, कारण दावणीला जनावर असेपर्यंत मालक घर सोडत नाही. चिखली-आंबेवाडीला विचारा, ते सांगतील. ४१ ला आजारी माणसं, बाळंतिणी, डायलिसिसवाले, आणि त्यांच्याबरोबर औषधांचा डबा, रेशनकार्ड, आधारकार्ड एका पिशवीत. ४२ ला गल्लीतल्या सगळ्या गाड्या बाहेर. हे आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. कुंभार गल्लीत तर माणसांच्या आधी मूर्तींचा आकडा ठरवावा लागेल. वर्षाची कमाई ओल्या मातीत उभी असते आणि ती एका रात्रीत हलत नाही.

आणि आकडा आला की हलायचं. “बघू, अजून थोडं थांबू” हे म्हणायचं नाही. तीनदा हलवलं आणि पाणी आलंच नाही, तर लोक बडबडतील. बडबडू देत. तिथं जाहीर झालेली स्नो इमर्जन्सी कधी कधी चार बोटं बर्फावर भागते. गाड्या हलवल्याबद्दल कुणी रडत बसत नाही. गगनबावड्याला आणि राधानगरीला रात्रभर धो-धो लागला की ते पाणी आपल्याकडं येणार आहे हे नदी आपल्याला आधी सांगते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले ही बातमी कोल्हापुरात वाऱ्यासारखी पसरते. पुढं काय करायचं एवढंच तिच्यात नसतं.

घरं वाटून घ्या. बोस्टनमध्ये बर्फाखाली गाडले जाणारे अग्निशमनाचे नळ नागरिकांनी एकेक करून नावावर घेतले होते. हा नळ माझा, बर्फ पडला की मी उकरणार. किती सोपं! तसं प्रत्येक कार्यकर्त्यानं एक घर घ्यावं. अख्खी गल्ली नको, एकच घर. त्या घरात कोण झोपून आहे, कुणाला कुठली गोळी लागते, मीटरचं मेन स्विच कुठं आहे, गॅसची टाकी कुठं आहे, त्यांचे पाहुणे शहराच्या उंच भागात कुठं राहतात, एवढं त्याला माहीत असावं. मंडळात पन्नास पोरं असली तरी पन्नास घरं झाली. पोरींनाही द्या. बायका स्वतःच्या औषधाबद्दल पोरांजवळ बोलत नाहीत.

एक मागणं तुम्हाला थोडं कडू लागेल. पूर बघायला येणाऱ्यांना तुम्हीच अडवा. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फ बघायला एवढ्या गाड्या लोटल्या की ७ तारखेच्या रात्री त्या रस्त्यावरच अडकल्या. थंडी वाजते म्हणून लोकांनी काचा लावून इंजिन चालू ठेवलं. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फात बुजली, विषारी वायू आत साठत गेला, आणि वीसहून जास्त माणसं गाड्यांतच गेली, त्यांत लेकरंही होती. मजा बघायला आलेली कुटुंबं होती ती. आपल्याकडं मच्छिंद्री होणार, म्हणजे पुराचं पाणी शिवाजी पुलावरच्या खुणेला लागणार, म्हटलं की अख्खं गाव शिवाजी पुलाकडं आणि घाटाकडं लोटतं, खांद्यावर पोर, हातात फोन. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरनं पूर बघितलाय, नदीला नारळ वाहिलाय. ती ओढ मला कळते. पण गंगावेशीत दुचाक्यांची गर्दी झाली की रुग्णवाहिका आणि बोटीची गाडी दोन्ही तिथंच अडतात, अटलांटाच्या मिठाच्या गाड्यांसारख्या. पोलिसांचं लोक जितकं ऐकतात त्यापेक्षा स्वतःच्या तालमीच्या पोराचं जास्त ऐकतात. तुमचा माईक तिथं लावा.

शेवटचं, चिखलाबद्दल. जानेवारी २०२१ ला स्पेनच्या माद्रिदमध्ये फिलोमेना नावाच्या वादळानं काही भागांत अर्धा मीटर बर्फ टाकला, पन्नास वर्षांत तेवढा पडला नव्हता. पहिले दोन दिवस माणसांनी कमाल केली. ज्यांच्याकडं जीपसारख्या गाड्या होत्या त्यांनी डॉक्टर-नर्सना घरून दवाखान्यात पोचवलं, लोक घरातली फावडी घेऊन दवाखान्यांची दारं मोकळी करत होते. पण सगळा बर्फ वेळेत निघाला नाही, मग कडाक्याची थंडी पडली आणि त्याचा दगड झाला. पुढं कितीतरी दिवस माणसं घसरून हातपाय मोडून घेत होती. आपल्या गाळाचं हेच आहे. पाणी उतरतं त्या तासाला तो फावड्यानं, खराट्यानं निघतो. दोन दिवस ऊन लागलं की कुदळ लागते. २०१९ ला दमलेली पोरं पाणी उतरल्यावर झोपली, आणि ते साहजिक होतं, पाच दिवस कुणी पाठ टेकली नव्हती. म्हणून दोन तुकड्या करा: एक पाण्यातली, एक गाळातली, आणि गाळातल्या तुकडीला महापुरात झोपू द्या. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, सडलेलं धान्य कुठं टाकायचं तेही आत्ता ठरवा. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये रस्त्यावरचा बर्फ ट्रकात भरून नेऊन टाकायच्या जागा हिवाळ्याआधीच नेमलेल्या असतात. आपल्याकडं प्रत्येक दारात ढीग लागतो, ढिगामुळं गाडी आत येत नाही, आणि गाडी येत नाही म्हणून ढीग हलत नाही. महापालिकेच्या आपल्या भागातल्या माणसांबरोबर आत्ताच बसा, जागा ठरवा, कागदावर घ्या. त्यांनाही पाणी आल्यावर भेटण्यापेक्षा आत्ता भेटलेलं बरं वाटेल.

आमच्या गल्लीतल्या अकरा घरांची यादी मी केली आहे. त्यांत सात म्हातारी माणसं, एक गरोदर मुलगी, दोन इन्सुलिनवाले आणि एक पोरगा ज्याला नीट चालता येत नाही. आजी आता नाहीत, गेल्या दिवाळीनंतर गेल्या, स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीवर. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी तालमीच्या कट्ट्यावर येते. २०१९ च्या पाण्याचा डाग आमच्या जिन्याच्या भिंतीवर मी पुसू दिलेला नाही, आधी तो मोजू. पहिला खांब आमच्या दारातलाच रंगवूया. लाल ऑइलपेंटचा डबा आणि दोन ब्रश मी घेऊन येते. शिडी तुम्ही आणा.

तुमची,
शुक्रवार पेठेतली एक निवृत्त शिक्षिका